मोत्यांची चादर : खंडेराव महाराज गायकवाड

जयपुरात बसून रत्नांविषयी लिहिणे म्हणजे कोकणात राहून नारळाचे गुण सांगण्यासारखे आहे. आपल्या सी-स्कीममधून निघून सांगानेरी दरवाजा ओलांडला की जोहरी बाजार लागतो आणि त्याच्या पोटातील गल्ल्यांमध्ये, गोपालजींच्या रस्त्यावर अथवा हलदियांच्या रस्त्यावर, पांढऱ्या चादरीवर खडे पसरून बसलेले व्यापारी आपण सर्वांनीच पाहिले आहेत. चिमट्यात धरलेला हिरवा खडा उजेडाकडे नेऊन त्याच्या पोटातील एखादी रेघ शोधणारा तो डोळा पाहिला म्हणजे आमच्यासारख्या फायली तपासण्यात जन्म घालविलेल्या माणसास त्याचा हेवा वाटतो. फरक एवढाच की आपण पाचू म्हणतो आणि ते पन्ना म्हणतात; आपण पुष्कराज म्हणतो आणि ते पुखराज म्हणतात. नव्याने बदली होऊन आलेल्या मराठी गृहिणीची पहिल्या महिन्यात होणारी फजिती बहुधा या दोन शब्दांवरून होते.

तरीही सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी हाच विषय घ्यावा असे आम्हास वाटले, कारण गेल्या दोनशे वर्षांत जगातील नामांकित रत्ने ज्या थोड्या घराण्यांत एकवटली त्यांत एक घराणे अस्सल मराठी होते. ते महाराष्ट्राबाहेर राहिले, परमुलखात रुजले आणि घरात मराठीच बोलत राहिले. त्या घराण्यातील ज्या पुरुषाने हा संग्रह खऱ्या अर्थाने उभा केला त्याचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. घेतले तर एक लहरी आणि उधळ्या राजा म्हणून घेतात. ते पुरुष म्हणजे बडोद्याचे खंडेराव महाराज गायकवाड. लहरी ते होतेच. परंतु त्यांच्या रत्नांपैकी एक वस्तू अशी आहे की जिचा हिशेब केवळ लहरीच्या खात्यात घालता येत नाही.

गायकवाडांचे मूळ पुणे जिल्ह्यातील दावडीचे. १७२० मधील बाळापूरच्या लढाईत दमाजींनी पराक्रम करून समशेर बहादूर हा किताब मिळविला. त्यांचे पुतणे पिलाजीराव यांनी गुजरातेत मराठी सत्तेचा पाया घातला आणि १७३२ मध्ये डाकोर येथे दगाफटक्याने प्राण दिला. त्यानंतरच्या शंभर वर्षांचा इतिहास येथे सांगण्याचे कारण नाही. दुसरे सयाजीराव १८४७ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या पुत्रांपैकी गणपतराव गादीवर आले. त्यांना औरस वारस नव्हता. नोव्हेंबर १८५६ मध्ये ते निवर्तले आणि धाकटे बंधू खंडेराव वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी बडोद्याचे अधिपती झाले.

गादीवर बसून सहा महिने होतात न होतात तोच उत्तरेत १८५७ चा वणवा पेटला. खंडेरावांनी इंग्रजांची बाजू धरली व गुजरात शांत ठेवण्यास साहाय्य केले. या निर्णयाबद्दल आज त्यांचा गौरव कोणी करणार नाही, आणि आम्हीही करीत नाही. परंतु त्याचे फळ काय मिळाले ते पाहणे आवश्यक आहे. गुजरातेतील घोडदळाच्या खर्चासाठी बडोदे दरबार कंपनी सरकारास वर्षास तीन लक्ष रुपये देत असे, ते कायमचे माफ झाले. हा तीन लक्षांचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे हिऱ्यांच्या किमती येतील तेव्हा तो उपयोगी पडेल.

नशिबाने दुसरा हातही दिला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि गुजरात-वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील कापसास सोन्याचा भाव आला. मुंबईचे व्यापारी रातोरात लक्षाधीश झाले. ज्याच्या राज्यात कापूस पिकतो त्या राजाच्या खजिन्यातही तो पैसा आला. खंडेराव शरीराने धिप्पाड, कुस्तीचे व शिकारीचे शोकीन, मनात येईल ते तत्काळ करणारे असे होते. लुई रुसले नावाचा एक फ्रेंच प्रवासी १८६४ च्या सुमारास त्यांचा पाहुणा होता. त्याने लिहिलेल्या ग्रंथात हत्तींच्या साठमाऱ्या, मल्लांच्या कुस्त्या, हातात वाघनखांसारखी शस्त्रे बांधून खेळली जाणारी भयंकर झुंज आणि महाराजांचे जडजवाहीर यांची वर्णने आहेत. हाच प्रवासी पुढे जयपुरासही येऊन सवाई रामसिंहांना भेटला होता. या दोन राजांचे संबंध निराळ्याच प्रसंगाने जुळायचे होते. ती कथा ओघाने येईलच.

केवळ शौकच केले असे मात्र नव्हे. १८६२ मध्ये डभोई ते मियागाम ही अरुंद रुळांची लोहमार्गाची वाट खंडेरावांच्या राज्यात सुरू झाली. आपल्या देशातील अशा प्रकारची ती पहिली. प्रारंभी त्या रुळांवरून डबे ओढावयास बैल जुंपीत. आज हे ऐकून हसू येते. परंतु कापसाच्या गाठी चिखलातून नेण्याऐवजी रुळांवरून नेण्याची कल्पना ज्यास सुचली व जो ती अमलात आणण्यास थांबला नाही, तो नुसता ऐषारामी नव्हता एवढे तरी कबूल करावे लागते.

आता रत्नांकडे वळू. हिऱ्यांचा खरा देश आपला. अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत जगास हिरा मिळे तो प्रायः हिंदुस्थानातून, आणि त्यातही गोवळकोंड्याच्या परिसरातून. पुढे त्या खाणी आटत गेल्या आणि दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशात हिरे सापडू लागले. आपल्या हिऱ्यांची कीर्ती इतकी मोठी होती की पोर्तुगीज व्यापारी ब्राझीलचे हिरे आधी गोव्यास आणून मग हिंदुस्थानी माल म्हणून युरोपात विकीत, असे सांगतात. १८५३ मध्ये ब्राझीलमधील बागाजेम येथील खाणीत काम करणाऱ्या एका गुलाम स्त्रीस अडीचशे कॅरटांहून अधिक वजनाचा हिरा सापडला. तिला दास्यातून मुक्तता व निर्वाहवेतन मिळाले. हिऱ्यास अॅम्स्टरडॅम येथे पैलू पाडण्यात आले व १२८.४८ कॅरटांचे रत्न तयार झाले. कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. तेव्हा हा हिरा पावणेसव्वीस ग्रॅमांच्या आसपास, म्हणजे आपल्या दोन तोळ्यांहून थोडा अधिक भरतो. पॅरिसच्या व्यापाऱ्यांनी त्यास दक्षिणेचा तारा हे नाव दिले. तो तेथील व लंडनच्या प्रदर्शनांत मिरविला, आणि अखेरीस ऐंशी हजार पौंडांस खंडेराव महाराजांनी घेतला.

त्या काळी पौंडास सुमारे दहा रुपये पडत. म्हणजे आठ लक्ष रुपये झाले. इंग्रजांनी माफ केलेल्या खंडणीची पावणेतीन वर्षांची रक्कम एका खड्यात गेली. आम्ही तीस वर्षे सरकारी पैशाचे हिशेब पाहत आलो आहोत. अशी नोंद समोर आली असती तर लेखणी क्षणभर थबकलीच असती.

आणखीही होते. त्याच ब्राझीलच्या खाणीत सापडलेला इंग्लिश ड्रेस्डेन नावाचा साडेशहात्तर कॅरटांचा पाणीदार हिरा कापसात पैसा मिळविलेल्या मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे होता. अमेरिकेतील युद्ध १८६५ मध्ये संपले, कापूस कोसळला, मुंबईच्या पेढ्या एकामागून एक बुडाल्या. आणि तो हिराही पुढे बडोद्याच्या जवाहिरखान्यात आला. १८६७ मध्ये अकबर शाह या नावाने प्रसिद्ध असलेला हिरा साडेतीन लक्ष रुपयांस गायकवाडांनी घेतला. या हिऱ्याची हकीकत थोडी खिन्न करणारी आहे. त्यावर मोगल बादशहांची नावे अरबी अक्षरांत कोरलेली होती. इतकी शतके टिकलेली ती अक्षरे लंडनच्या कारागिराने १८६६ मध्ये अधिक तेज यावे म्हणून नव्याने पैलू पाडताना घासून टाकली. वजन ११६ कॅरटांवरून सुमारे ७२ वर आले. जोहरी बाजारातील एखाद्या जुन्या जाणकारास हे सांगून पाहावे. तो कपाळावर हात मारून घेईल.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८६७ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडू लागले आणि पुढील काही वर्षांत त्यांचा एवढा पूर लोटला की हिऱ्याचे जुने दुर्मिळपण उरले नाही. मोत्यांचेही तसेच. शिंपल्यात मुद्दाम कण घालून मोती वाढविण्याची विद्या जपानात १८९३ मध्ये साधली. तत्पूर्वी प्रत्येक मोती पाणबुड्याने जिवावर उदार होऊन समुद्रतळातून वर आणलेला असे. खंडेरावांनी जो संग्रह केला तो अशा रीतीने रत्ने खरोखर दुर्मिळ असण्याच्या शेवटच्या दशकातला होय.

बडोद्याचे मोती म्हणजे इराणच्या आखातातले. बसऱ्याच्या व्यापाऱ्यांमार्फत ते मुंबईस येत म्हणून आपण त्यांना बसऱ्याचे मोती म्हणतो. महाराजांचा सात पदरी कंठा जगप्रसिद्ध होता. त्यातील निवडक ६८ मोत्यांचा दुपदरी हार २००७ मध्ये न्यू यॉर्क येथे लिलावात सत्तर लक्ष डॉलरांहून अधिक किमतीस गेला, यावरून मूळ कंठ्याची कल्पना करावी.

परंतु ज्या वस्तूसाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला ती गळ्यात घालावयाची नव्हती. १८६५ च्या सुमारास खंडेराव महाराजांनी मोत्यांची एक चादर तयार करण्याची आज्ञा दिली. लांबी सुमारे पावणेनऊ फूट, रुंदी पावणेसहा फूट. हरणाच्या मऊ कातड्यावर व रेशमावर मोत्यांचे सर असे टाचलेले की खालचे वस्त्र कोठे दिसूच नये. मोत्यांची संख्या पंधरा ते वीस लक्षांच्या घरात सांगतात. मध्यभागी हिऱ्यांची तीन मोठी चक्रे, भोवती वेलबुट्टी आणि कमानी, आणि जागोजाग माणके, नीळ व पाचू सोन्यात बसविलेले. हे पाचू दक्षिण अमेरिकेतील कोलंबियाचे. जयपूरच्या सहाणेवर पिढ्यान्‌पिढ्या ज्या जातीच्या पाचूला पैलू पडत आले तीच ही जात.

ही चादर महाराजांनी आपल्या महालासाठी केली नव्हती. मदिना येथे इस्लामचे पैगंबर मुहंमद यांची समाधी आहे, तिच्यावर घालण्यासाठी ती होती. एका मराठा राजाने, ज्याच्या देवघरात खंडोबा आहे, ज्याच्या राज्यात दक्षिणेतील ब्राह्मणांना दानधर्म चालतो, त्याने हे का करावे? नवस फेडण्यासाठी केली असे सांगतात. इस्लामविषयी त्यांच्या मनात विशेष आदर होता हे तर निश्चित. ज्यांना पंढरीच्या वाटेवरील, किंवा इथे जवळच अजमेरला ख्वाजासाहेबांच्या दर्ग्यात जाणारे भाविक ठाऊक आहेत, त्यांना यात फार नवल वाटू नये. आपल्या खेडोपाडी पीराला नारळ वाढविणारी मराठा घरे आजही आहेत. खेडूत नारळ वाढवितो, खंडेरावांनी वीस लक्ष मोती वाहिले. भाव एकच आहे की काय, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्या मते बहुतांशी एकच आहे. मात्र नारळ खेडुताच्या कष्टाचा असतो आणि मोती रयतेच्या साऱ्याचे होते, हेही सांगावयास हवे. कापसाचा भाव चढला तेव्हा सारा चढला. भाव उतरल्यावर कुणब्याची स्थिती काय झाली असेल ते वेगळे सांगण्याची गरज नाही. महाराजांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की हाती आलेल्या सर्वांत मौल्यवान वस्तू एकत्र करून त्यांनी त्या दुसऱ्याच्या उंबरठ्यावर, आणि तेही जेथे त्यांना स्वतःला पाऊल ठेवता येणार नाही अशा उंबरठ्यावर, पाठवावयाचे योजिले होते.

चादर मदिनेस गेलीच नाही. मकरपुऱ्याचा नवा राजवाडा १८७० मध्ये उभा राहिला आणि त्याच वर्षी २८ नोव्हेंबर रोजी खंडेराव महाराज निवर्तले. वय अवघे बेचाळीस. नवस राहिला आणि चादर जवाहिरखान्यात राहिली.

पुढची कथा सूडाची आहे. धाकटे बंधू मल्हारराव यांच्यावर, ज्येष्ठ बंधूस मारण्याचा कट केल्याचा आरोप होता व १८६३ पासून ते पादरा येथे बंदीत होते. खंडेरावांस पुत्र नव्हता. तरुण राणी जमनाबाई त्या वेळी गरोदर होत्या. पुत्र झाल्यास गादी सोडावी या अटीवर बंदीतले मल्हारराव एकाएकी महाराज झाले. जुलै १८७१ मध्ये जमनाबाईंना कन्या झाली, ताराबाई. जिवाला धोका वाटल्याने जमनाबाईंना रेसिडेन्सीचा आश्रय घ्यावा लागला होता. त्या पुढे पुण्यास जाऊन राहिल्या. इकडे मल्हाररावांनी बंधूंच्या माणसांवर डूख धरला आणि थाटातही बंधूंवर मात करण्याचा चंग बांधला. खंडेरावांनी चांदीच्या तोफा ओतविल्या होत्या, म्हणून मल्हाररावांनी सोन्याच्या ओतविल्या.

९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंट कर्नल फेर यांनी सकाळी पपनसाचे सरबत घोटभर घेतले, चव विचित्र लागली, आणि पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. त्यात सोमल व हिऱ्याची पूड निघाली. हिरकणी खाऊन प्राण देणे हा आपल्याकडील जुना समज. वास्तविक हिरा हे विष नव्हे, सोमल मात्र आहे. मल्हाररावांना अटक झाली आणि चौकशीसाठी सहा जणांचे मंडळ नेमले गेले. तीन इंग्रज आणि तीन हिंदी. हिंदी सभासद म्हणजे ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, त्यांचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे, आणि आपल्या जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह. ज्यांच्या नावाची रामनिवास बाग आपण सकाळी फिरावयास वापरतो, तेच हे रामसिंह.

फेब्रुवारी व मार्च १८७५ मध्ये बडोद्यास साक्षी झाल्या. हिरे कोठून आले, कोणी विकत घेतले, पूड कोणी केली, यावर जवाहिरखान्याचा कारभार आणि जवाहिऱ्याचे जबाब चव्हाट्यावर आले. ज्या खात्याने खंडेरावांच्या काळी दक्षिणेच्या ताऱ्याची नोंद घेतली होती त्याच खात्याच्या वह्या आता चिमूटभर पुडीसाठी उलटल्या जात होत्या. निकाल निम्मानिम्म लागला. तिन्ही इंग्रजांनी आरोप सिद्ध मानला, तिन्ही हिंदी सभासदांनी मानला नाही. रामसिंहांनी तर मल्हारराव निर्दोष असल्याचे मत दिले. ज्या शहरात खऱ्याखोट्याची पारख हाच धंदा आहे त्या शहराच्या राजाने, समोर साम्राज्याचे वजन असताना, पुरावा खोटा वाटला म्हणून तसे नोंदविले. मल्हारराव चांगले राज्यकर्ते होते असे नव्हे, ते नव्हतेच. पण प्रश्न तो नव्हता. इंग्रज सरकारने विषाचा आरोप बाजूस ठेवून, कुशासनाच्या कारणावरून एप्रिल १८७५ मध्ये त्यांना पदच्युत केले. मद्रासेस स्थानबद्ध असता १८८२ मध्ये त्यांचे निधन झाले.

जमनाबाई पुण्याहून परतल्या. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गोपाळराव नावाच्या मुलास त्यांनी २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतले. तेच सयाजीराव महाराज. त्यांचे चरित्र प्रत्येक मराठी माणसास ठाऊक आहे, म्हणून येथे थांबतो. एवढेच सांगतो की सर्वांना सक्तीचे शिक्षण देणाऱ्या या दत्तक पुत्राने वडिलांची रत्ने उधळली नाहीत आणि त्यांत फारशी भरही घातली नाही. मोत्यांची चादर १९०२-०३ च्या दिल्लीच्या प्रदर्शनात मांडली गेली, तेव्हा प्रथमच सामान्य लोकांच्या दृष्टीस पडली.

१९४९ मध्ये बडोदे संस्थान विलीन झाले. त्या आगेमागे महाराज प्रतापसिंहराव व महाराणी सीतादेवी यांच्या काळात जवाहिराचा मोठा भाग परदेशी गेला. चादर भूमध्य समुद्राकाठच्या मोनॅकोत जाऊन राहिली. दक्षिणेचा तारा हात बदलत २००२ मध्ये कार्तिए या पॅरिसच्या पेढीने घेतला. मार्च २००९ मध्ये कतारची राजधानी दोहा येथे चादरीचा लिलाव होऊन ती साडेचौपन्न लक्ष डॉलरांस विकली गेली. आता ती तेथील राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ज्या आखाताच्या तळातून ते मोती निघाले त्याच आखाताच्या काठावर ती पोचली आहे. मदिना तेथून आणखी पश्चिमेस, वाळवंटापलीकडे राहिली.

आपली मुंबईची गाडी कोटा, रतलाम करीत बडोद्यास पोचते ती मध्यरात्रीनंतर, आणि आपण बहुतेक जण ते स्थानक झोपेत ओलांडतो. मुलांना घेऊन एखादा दिवस तेथे उतरावे. मकरपुऱ्याचा राजवाडा आता वायुदलाच्या प्रशिक्षणासाठी आहे, तो बाहेरूनच पाहावा लागतो. शहरात सयाजीरावांनी बांधलेली एक देखणी इमारत आहे, तिला त्यांनी वडिलांचे नाव दिले. हल्ली तेथे महानगरपालिकेची कचेरी भरते आणि मागच्या अंगास भाजीबाजार. रिक्षावाल्यास खंडेराव मार्केट एवढे सांगितले की तो नेऊन सोडतो.